पंचविसाव्या लेण्याचं दार

(पत्र लांबलचक होतं. गाभा तेवढा ठेवून छापतेय.)

«ताई, नाशिकचा आहे, वय ४३. नोकरी सातपूरला, घर इंदिरानगरला. आई, बायको, अकरा वर्षांचा मुलगा. तक्रार करावी असं काही नाही, तरी लिहितोय.

लहानपणी दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ हे कार्टून बघायचो. शिवाय आत्याने दुबईहून एक व्हिडिओ कॅसेट आणली होती, तिच्यावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कार्टूनचे चार भाग होते. सहा मुलं रोलर कोस्टरमध्ये बसतात, भलत्याच दुनियेत जाऊन पडतात आणि घरची वाट शोधत राहतात. पाचव्या भागाच्या मध्यावर कुणीतरी शारजाची मॅच टेप केलेली. ती मुलं घरी पोचली का, हे मला वर्षानुवर्षं कळलं नाही.

इंजिनिअरिंगला गेल्यावर समजलं की हा मुळात खेळ आहे. अशोक स्तंभाजवळच्या एका खोलीवर आम्ही पाच जण झेरॉक्स केलेल्या पुस्तकावरून चार वर्षं खेळलो. मी धनुर्धर. बाकी एक चोर, एक जादूगार, एक रानटी आणि खेळ चालवणारा डीएम, म्हणजे डंजन मास्टर. पांडवलेणीला चोवीस लेणी आहेत, तर डीएमने त्यांच्याखाली पंचविसावं रचलं होतं. २००४ मध्ये आम्ही त्याच्या दाराशी पोचलो आणि कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू झाले. डाव तिथेच राहिला.

हल्ली सगळे झोपले की मोबाइलवर ती कार्टून्स बघत बसतो. रात्रीचा दीड वाजतो. बघून झालं की उलट उदासच वाटतं. परवा मुलाला शेजारी बसवून ही-मॅन लावला. दहा मिनिटांत तो हसायला लागला, म्हणे, ‘बाबा, हा तोच शॉट आहे, फक्त मागचा डोंगर बदललाय.’ मी ओरडलो. तो उठून गेला. बायको म्हणाली, ‘तुमच्या त्या राज्यात आम्हाला जागा कुठंय?’ ही-मॅनचा जुना बाहुला साडेचार हजारांना ऑनलाइन घेतलाय, तो कपाटात कपड्यांखाली आहे. पुन्हा खेळावंसं वाटतं. पण या वयात? चोर कॅनडात, जादूगार बेंगळुरूला, रानट्याचा पत्ता नाही. डीएम इथेच असतो, पाथर्डी फाट्याला. मी खुळेपणा करतोय का?

— धनुर्धर, इंदिरानगर»

धनुर्धर,

आधी मुलाचं बघू, कारण बाकीचं एकवीस वर्षं थांबलंय, अजून आठवडाभर थांबेल. पोराला मात्र आजच सांगा की तू बरोबर होतास आणि मी उगाच ओरडलो.

तो खरंच बरोबर होता. ही-मॅन बनवणाऱ्या फिल्मेशन कंपनीने १९८३ ते १९८५ या काळात त्याचे १३० भाग काढले. एवढा रतीब घालायचा, तोही स्वस्तात, म्हणून एकदा काढलेलं धावणं, एकदा काढलेला ठोसा, तलवार उंचावण्याचा तो प्रसंग, सगळं पुन्हा पुन्हा वापरलं जायचं. मागचं चित्र तेवढं बदलायचं. त्यातही बाहुले आधी आले, १९८२ साली, मॅटेल कंपनीचे. कार्टून आलं ते नंतर, बाहुले खपवायला. तुमच्या कपाटात कपड्यांखाली जो झोपलाय, त्या घराण्यातला थोरला तोच. तुम्ही सात वर्षांचे असताना हे दिसलं नाही, कारण तुम्ही बघत नव्हता, तुम्ही त्यात होता. तुमच्या मुलाने बाहेर उभं राहून बघितलं आणि दहा मिनिटांत कारागिरीतली काटकसर पकडली. फाळक्यांच्या जिल्ह्यातला पोरगा आहे, चलच्चित्रातली हातचलाखी त्याला दिसायचीच. मी तर म्हणते, त्यालाच विचारा, ‘अजून कुठं कुठं तोच शॉट दिसतो, शोधून दाखव.’ तो ही-मॅन आवडीने बघेल. तुमच्यासारखा नाही बघणार, आणि त्याने तसं का बघावं?

आता माझं ऐका. माझा ही-मॅन म्हणजे ‘चांदोबा’. मराठीत तो १९५२ पासून निघायचा. विक्रम आणि वेताळाचं ते चित्र, शंकर यांनी काढलेलं, आमच्या पिढीच्या डोळ्यांत गोंदलेलं आहे. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. तीन-चार वर्षांपूर्वी रद्दीवाल्याकडे जुने अंक दिसले, मी किलोच्या भावात उचलून आणले. रात्री जेवणं उरकून वाचायला बसले. गोष्टी आठवत होत्या त्यापेक्षा कितीतरी छोट्या निघाल्या. चित्र तेच, पण माझ्या डोक्यातल्या चित्रात अंधार जास्त होता. पाचव्या अंकानंतर मी दिवा मालवला आणि चक्क रडले. मला वाटलं, वय झालं.

दुसऱ्या दिवशी नाशिकरोडला भावाकडे गेले होते, त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘अगं, आपण वाचत कुठं होतो? आपण तर वेताळ वेताळ खेळायचो.’ आणि मला एकदम वाड्यातलं अंगण आठवलं. पंचवटीतला आमचा वाडा, मागे विहीर, पुढे पिंपळ. भाऊ माझ्या पाठीवर चढायचा आणि कानात कोडं घालायचा. मी पिंपळापासून विहिरीपर्यंत तोंडातून अक्षर न काढता जायचं. बोलले की तो उडी मारून परत पिंपळाकडे पळायचा, आणि मी पुन्हा त्याला आणायला. अंकातली कोडी चार दिवसांत संपायची. मग तो स्वतःची रचायचा, तीही असली पाजी की बोलल्याशिवाय राहवायचंच नाही. ‘आईच्या डब्यातला लाडू कुणी खाल्ला, उत्तर ठाऊक असून दिलं नाहीस तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होतील.’ अंक घरात महिनाभर असायचा, त्यातला वाचण्यात जेमतेम एक दिवस जायचा.

तुमच्या पत्राची अडीच पानं कार्टूनवर आहेत. खेळावर अर्धं पान. आणि डीएमवर एक ओळ: ‘इथेच असतो, पाथर्डी फाट्याला.’ ही ओळ मी तीनदा वाचली. चोर कॅनडात आहे म्हणजे खऱ्या कॅनडात, नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला नव्हे, तिथे तुमचा नाइलाज समजू शकते. पण इंदिरानगरहून पाथर्डी फाट्याला जायला गाडीवर किती वेळ लागतो, हे नाशिककराला सांगायला नको.

त्या सहा मुलांचंही सांगते. माझा भाचा या खेळातला पक्का किडा आहे, तुमचं पत्र आल्यावर त्याने तासभर माझी शिकवणी घेतली. ते कार्टून अमेरिकेत १९८३ ते १९८५ चाललं, एकूण २७ भाग, आणि मध्येच बंद पडलं. तुमच्या कॅसेटचा काही दोष नव्हता, तिथल्या पोरांनाही शेवट बघायला मिळाला नाही. शेवटच्या भागाची संहिता मात्र लिहून तयार होती, मायकल रीव्ह्ज या लेखकाने लिहिलेली, नाव ‘रेक्विएम’. चित्रं कधी काढलीच गेली नाहीत. २००६ साली डीव्हीडीचा संच निघाला तेव्हा त्या संहितेचं नुसतं आवाजातलं नाट्य करून सोबत दिलं. आणि त्यातही, बघा, लेखकाने मुलांना घरी पोचवलेलं नाही. परतीचं दार उघडतं, आणि जायचं की राहायचं ते मुलांनी ठरवायचं, इथेच तो थांबतो. म्हणजे रात्री दीड वाजेपर्यंत तुम्ही जे शोधताय ते त्या मोबाइलमध्ये नाहीच. वेताळ परत झाडावर. झोपत जा वेळेवर, सातपूरच्या पहिल्या पाळीला डोळे उघडे लागतात.

खेळाचं तसं नाही. तो अर्धवट राहिला असेल तर पुढे खेळता येतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महिन्यातून दोन रविवार भाच्याची चौकडी माझ्या गंगापूर रोडच्या घरी हॉलमध्ये ठिय्या देते. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एक जण गोष्ट सांगतो, तो डीएम. बाकीचे गोष्टीतली माणसं. परवाच्या खेळात डीएम म्हणाला, ‘पुलाची मधली फळी तुटलीय. खाली नदी, पलीकडे दिवा हलतोय. काय करता?’ चोर झालेली मुलगी म्हणाली, ‘उडी मारते.’ डीएमने मनाशी अवघडपणाचा आकडा ठरवला, पंधरा. तिच्या चपळाईचे तीन जमेला. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर बारा किंवा वर पडायला हवं. शंभरातली पंचेचाळीस वेळा जमेल असं काम. फासा माझ्या फरशीवरून गडगडत सोफ्याखाली गेला. चौघंही पालथे पडून, गाल फरशीला लावून बघताहेत. अकरा. कुणी काही बोलेना. मग डीएम हळूच म्हणाला, ‘पडली नाहीस. पण एका हाताने लोंबकळतेयस, आणि तो पलीकडचा दिवा आता हलायचा थांबलाय.’ मी स्वयंपाकघरातून पोहे घेऊन येत होते, तशीच दारात उभी राहिले. पोहे गार झाले.

मी त्यात काय पाहिलं, तर माझा भाऊ पाठीवर बसून कोडं घालताना.

‘या वयात?’ असं तुम्ही विचारलंत. हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. गायगॅक्स तेव्हा पस्तिशीत होता, पाच मुलांचा बाप. विमा कंपनीतली नोकरी गेलेली, घरी बसून बूट दुरुस्त करून भागवायचा. पहिल्या आवृत्तीचे हजार खोके छापून घेतले आणि घरच्या घरी भरले. ते चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासेसुद्धा शाळेत गणित शिकवायचं साहित्य विकणाऱ्या कंपनीकडून आणलेले. तेव्हा हा पोरखेळ पोरांनी काढलेला नाही, संसाराने गांजलेल्या माणसाने काढलाय. भाच्याने सांगितलेल्या सगळ्यात मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे: गायगॅक्सने स्वतःची पहिली गुहा रचली तेव्हा त्यात उतरणाऱ्या पहिल्या खेळाडूंत त्याचीच दोन मुलं होती.

म्हणून लगेच मुलाला धरून बसवू नका हं. तीच चूक परत होईल. ही-मॅन दाखवताना तुम्ही त्याला तुमच्या आठवणीचा प्रेक्षक म्हणून बसवलं होतं, त्याला करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. खेळ घरात, हॉलमध्ये, उघड्यावर खेळा. दार लावून नाही. तो येता-जाता बघेल. एखाद्या दिवशी उभा राहील. तेव्हा डीएमने त्याच्याकडे एक फासा सरकवावा आणि म्हणावं, ‘हा राक्षस तू चालव.’ अकरा वर्षांच्या पोराला बापावर राक्षस सोडायला मिळाला तर तो नाही म्हणेल असं मला वाटत नाही. नाही म्हणाला तर गेला खेळायला खाली, काही बिघडत नाही.

वहिनींच्या वाक्याबद्दल. ‘तुमच्या त्या राज्यात आम्हाला जागा कुठंय?’ तुम्ही तो टोमणा समजलात, पत्रात तसं लिहिलंयही. मला तो सरळ प्रश्न वाटला. नवरा रात्री दीडपर्यंत मोबाइल घेऊन दुसऱ्या खोलीत, कपाटात काहीतरी लपवलेलं, विचारलं की ओरडतो. बाई काय समजेल? तिला वेगळीच शंका येत नाही, हे तुमचं नशीब समजा. बाहुला बाहेर काढा, टीव्हीशेजारी ठेवा आणि किंमत खरी सांगा. एक दिवस बोलणी खाल. साडेचार हजारांत स्वस्त पडेल. आणि खेळायला येतेस का, असं एकदा मनापासून विचारा. चार वर्षं तुम्ही ज्या गुहेत होता तिथली गोष्ट तिला कधी सांगितलीय का? लग्नाआधीच्या मित्रांची नावं बायकांना माहीत असतात, पण त्यांच्यातला रानटी कोण आणि चोर कोण, हे माहीत नसतं.

आता डीएम. लग्नाकार्यात भेटत असाल. मुलांची ॲडमिशन, गुडघे, पाथर्डी फाट्याचं ट्रॅफिक, झालं. त्याला फोन करा, मेसेज नको. ‘एकदा भेटू या रे’ असं अजिबात म्हणू नका, ती भेट कधी होत नसते. ‘आपला जुना ग्रुप’ असला व्हॉट्सॲप ग्रुपही काढू नका. पहिल्या दिवशी पन्नास फोटो येतील आणि आठवड्याभरात नुसते गुलाबाच्या फुलांसह सुप्रभात. एवढंच म्हणा, ‘दाराशी उभा आहे. पुढे काय?’ तो ओळखेल. ज्याने पांडवलेणीखाली एक आख्खं लेणं खोदलं, तो विसरलेला नसतो. त्याची वही कुठल्या तरी माळ्यावर असेल, नसली तरी चालेल. तिसऱ्या लेण्यात सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री हिचा ब्राह्मी लेख आहेच, त्यातल्या एका न लागणाऱ्या अक्षरावरून तो पुन्हा रचेल.

सगळे पाचही जमेपर्यंत थांबू नका. तुम्ही दोघे, हवं तर वहिनी, इतकं पुरे. चोराला व्हिडिओ कॉलवर घ्या. आपल्याकडे रविवारी संध्याकाळचे साडेसहा म्हणजे टोरोंटोला उन्हाळ्यात सकाळचे नऊ, चहा पीत पीत कुलपं फोडेल. पैशांचं म्हणाल तर मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात, २०२३ पासून तर त्यांचा गाभा कुणालाही वापरायला मोकळा केलाय. सात फाशांचा संच दोन-चारशे रुपयांत येतो. झेरॉक्सची गरज नाही, पण तुमची जुनी सापडली तर फेकू नका. अडीच तासांपेक्षा जास्त बसू नका, दुसऱ्या दिवशी सोमवार असतो. आणि मराठीत खेळा. भाच्याची मंडळी इंग्रजीत सुरू करायची, रंगात आली की आपोआप मराठीत शिव्या द्यायला लागायची. मग मीच म्हटलं, सुरुवातच मराठीत करा. त्यांचा जादूगार आता ‘ऊठ रे धुरा’ म्हणून धुकं उठवतो. बरं वाटतं ऐकायला.

एक गोष्ट मात्र मी तुमच्या जागी असते तर केली असती. माणसं तीच ठेवा, पण वय आजचं घ्या. धनुर्धर त्रेचाळीसचा. दारासमोर एकवीस वर्षं उभा आहे, धनुष्याची दोरी सैल झालीय, चोराला चष्मा लागलाय, रानटी कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. कदाचित तो आधीच आत गेला असेल. डीएमला सुचवून बघा.

तुमचं पत्र भाच्याला वाचून दाखवलं, इंदिरानगर आणि कंपनी वगळून. सगळं ऐकून घेतलं. कार्टून, बाहुला, बायको, यातल्या कशावर काही बोलला नाही. एकच विचारलं: ते दार आत उघडत होतं की बाहेर? म्हणे त्यावरून बराच फरक पडतो. डीएमला विचारून कळवा. मला काही घाई नाही, तो मात्र रोज विचारतोय.

— ताई